कार्टनवरचा कोड कॅमेऱ्याने तपासताना: मांडणीपासून चॅलेंज टेस्टपर्यंत

पॅकिंग लाइनवर व्हिजन सिस्टिम, म्हणजे छपाई तपासणारा कॅमेरा, बसते, हिरवा दिवा लागतो, स्क्रीनवर ‘गुड’चा आकडा पळायला लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण चांगलं कार्टन पास करणं कुठल्याही कॅमेऱ्याला जमतं. खराब कार्टन तो अडवतो का, आणि अडवलेलं कार्टन खरोखर लाइनबाहेर पडतं का, हे मुद्दाम खराब कार्टन सोडून दाखवता आलं पाहिजे; तीच चॅलेंज टेस्ट. बहुतेक गफलती या दोन प्रश्नांकडे सगळ्यात शेवटी बघितल्यामुळे होतात. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

उदाहरणाला गोळ्यांच्या कार्टनची साधी लाइन घेतली आहे. मिनिटाला ३०० कार्टन, एका कार्टनच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्याच्या पुढच्या कडेपर्यंत १०० मिमी, म्हणजे पट्ट्याचा वेग सेकंदाला ५०० मिमी. आधी थर्मल इंकजेट प्रिंटर, मग कॅमेरा, मग खराब कार्टन बाजूला ढकलणारा पुशर. तारापूर, वाळूज किंवा वेर्ण्याच्या कारखान्यात दिसते तशीच. तुमच्याकडे लेझर कोडर असेल किंवा रिजेक्ट हवेच्या झोताने होत असेल तर आकडे बदलतील, क्रम नाही.

## १. काय तपासायचं ते आधी कागदावर

‘काय काय तपासायचंय?’ असं सिस्टिम बसवणारा विचारतो आणि उत्तर मिळतं, ‘सगळंच.’ मग तो त्याला सोपं ते बसवून जातो. त्याला बोलावण्याआधी प्रत्येक उत्पादनासाठी एक पान लिहा: कोड कुठला, त्यात कुठली माहिती, शेजारी डोळ्यांनी वाचायचा मजकूर कुठला.

देशातल्या विक्रीसाठी औषध नियमांच्या शेड्यूल एच२ मध्ये ३०० ब्रँड आहेत. १ ऑगस्ट २०२३ पासून त्यांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड लागतो, प्राथमिक वेष्टनावर जागा नसेल तर दुय्यम वेष्टनावर. त्यात आठ गोष्टी हव्यात: उत्पादनाचा युनिक कोड, जेनेरिक नाव, ब्रँडचं नाव, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि परवाना क्रमांक. प्रत्येक पाकिटाचा वेगळा सीरियल नंबर या यादीत नाही. युरोपियन युनियनचं तसं नाही. तिथे ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटावर डेटा मॅट्रिक्स (क्यूआरसारखाच चौकोनी कोड) लागतो आणि त्यात उत्पादन कोड, बॅच, मुदत आणि दर पाकिटाला वेगळा सीरियल नंबर असतो.

एकाच लाइनवर दोन्ही माल चालत असेल तर दोन वेगळ्या रेसिपी, म्हणजे तपासणीच्या सेटिंगचे संच, करा. युरोपच्या रेसिपीत ‘डुप्लिकेट’ तपासणी हवीच. तीच रेसिपी सीरियल नंबर नसलेल्या एच२ मालाला लावली, तर पहिलं कार्टन पास होईल आणि बाकी सगळी बाहेर पडतील.

प्रत्येक कार्टनसाठी चार प्रश्न लिहून ठेवा. कोड वाचला गेला का? वाचलेली माहिती बॅच ऑर्डरप्रमाणे आहे का? शेजारचा छापील बॅच नंबर, तारखा आणि एमआरपी ऑर्डरप्रमाणे आहेत का? छपाईची जागा आणि दर्जा ठीक आहे का? यातला तिसरा प्रश्न सर्रास गळतो. केमिस्ट आणि पेशंट मात्र वाचतात तो छापील मजकूरच.

सावधान: अपेक्षित मजकूर पहिल्या छापलेल्या कार्टनवरून कॅमेऱ्याला ‘शिकवू’ नका. ऑपरेटरने मुदतीचं वर्ष चुकीचं टाइप केलं असेल तर तीच चूक प्रमाण ठरते आणि संपूर्ण बॅच बिनबोभाट पास होते. अपेक्षित मजकूर मंजूर बॅच ऑर्डरमधून थेट यावा. हाताने भरायचाच असेल तर एकाने भरावा आणि दुसऱ्याने ऑर्डर समोर धरून अक्षर न् अक्षर ताडून सही करावी. एमआरपीच्या रकान्यात मागच्या बॅचचा आकडा राहून जातो तो इथेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा एमआरपी बदलली. असे बदल रेसिपीत ‘कायमचा मजकूर’ म्हणून अडकवलेल्या एमआरपीला उघडे पाडतात.

## २. कोडचा आकार: इंकजेटच्या ठिपक्यात मोजा

कॅमेऱ्यावर फोडलं जाणारं निम्मं खापर खरं तर आर्टवर्कचं असतं. हिशेब करून बघा.

एच२ ची आठही माहिती पत्त्यासकट भरली की मजकूर सहज २०० अक्षरांवर जातो. मध्यम पातळीची एरर करेक्शन (बिघडलेल्या चौकटी भरून काढायची सोय) धरली तर त्याला ५७ गुणिले ५७ चौकटींचा क्यूआर लागतो. चारी बाजूंना चार-चार चौकटींची मोकळी जागा धरून ६५ झाल्या. ३०० डीपीआयच्या इंकजेटचा एक ठिपका साधारण ०.०८५ मिमी. तीन ठिपक्यांची चौकट केली तर ती ०.२५ मिमी होते आणि नुसता कोडच १४.५ मिमी उंच होतो. अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमीचं एक प्रिंट हेड एवढं छापूच शकत नाही. दोन हेड जोडली तर मधल्या सांध्यावर चौकटी सरकतात. मग कोणीतरी चित्र ओढून ‘बसवतं’, चौकट अडीच ठिपक्यांची होते, काही चौकटी दोन ठिपक्यांच्या आणि काही तीनच्या छापल्या जातात. फोन असा कोड वाचतो, छपाईच्या दर्जाची ग्रेड मात्र कोसळते.

मार्ग दोनच. मजकूर आखूड करा, पत्ता लिहिण्याची पद्धत नियामक विभागाकडून मंजूर करून घ्या. किंवा जागा आणि हेड दोन्ही वाढवा. चौकट नेहमी पूर्ण ठिपक्यांची ठेवा.

डेटा मॅट्रिक्सचं सोपं आहे. उत्पादन कोड, मुदत, बॅच आणि सीरियल मिळून तो साधारण २४ किंवा २६ चौकटींत मावतो, मोकळी जागाही चारी बाजूंना एकेक चौकट पुरते.

तपासा: कार्टनवर कोडची जागा व्हार्निशविना सोडली आहे का? बोट फिरवून आणि तिरप्या उजेडात धरून बघा. व्हार्निश चढलं असेल तर शाई सुकत नाही आणि पुढच्या गाइडला (कार्टन सरळ ठेवणाऱ्या कडेच्या पट्टीला) घासून पसरते. पावसाळ्यात कार्टन गोदामातून थेट लाइनवर आली तर बोर्ड वाकलेला असतो. आदल्या दिवशी पॅकिंग हॉलमध्ये आणून ठेवा.

## ३. प्रकाश, कॅमेऱ्याच्याही आधी

चित्रात फरकच दिसत नसेल तर सॉफ्टवेअर तो पैदा करू शकत नाही. तरीही नव्याण्णव टक्के वेळ सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जातो आणि दिवा सिस्टिमबरोबर आला तोच राहतो.

पांढऱ्या मॅट कार्टनवर काळी शाई असेल तर काम सोपं, लाल एलईडी चालतो. फक्त हे ध्यानात ठेवा की लाल उजेडात लाल छपाई नाहीशी होते. कार्टनवरचा लाल पट्टा कोडच्या मागे असेल तर हे फायद्याचं. पण एखादा मजकूरच लाल शाईत असेल तर कॅमेऱ्याला तो कधीच दिसणार नाही. तिथे निळा किंवा पांढरा प्रकाश घ्या.

चमकदार कार्टन किंवा अॅल्युमिनियम फॉइल असेल तर समोरून पडलेला प्रकाश थेट लेन्समध्ये परततो आणि अर्धा कोड पांढरा होतो. तिथे सगळ्या बाजूंनी मऊ प्रकाश देणारा घुमटाकार दिवा लागतो. उलट, फ्लॅपवर दाबून उठवलेला बॅच नंबर वाचायचा असेल तर दिवा अगदी खाली, कागदाला जवळजवळ समांतर लावा. उठावाची सावली पडते तेव्हाच आकडा दिसतो. लेझरने गडद पट्टी जाळून केलेला कोड पांढऱ्यावर काळा नसून काळ्यावर पांढरा असतो. सेटिंगमध्ये ‘उलटा कोड’ चालू करायला विसरतात.

बाहेरचा उजेड अडवा. कॅमेरा आणि दिवा यांच्याभोवती काळं आवरण हवं. दिवसा खिडकीतून येणारी तिरीप आणि रात्री डोक्यावरचे दिवे यांनी फरक पडत असेल, तर एका पाळीला फॉल्स रिजेक्ट (चांगलीच कार्टन बाद होणं) वाढतात आणि दोष ऑपरेटरच्या माथी जातो.

तपासा: एकच चांगलं कार्टन कॅमेऱ्याखाली ठेवा. हॉलचे दिवे चालू असताना एक चित्र घ्या, बंद करून दुसरं. दोन चित्रांच्या उजळपणात ठळक फरक असेल तर आवरण अपुरं आहे.

## ४. लेन्स आणि एक्स्पोजरचं गणित

कॅमेऱ्याला ४० मिमी रुंद जागा दिसते आणि चित्र १२८० पिक्सेल रुंद आहे असं धरा. म्हणजे एका मिलिमीटरला ३२ पिक्सेल, आणि ०.२५ मिमीच्या चौकटीला ८. कोड वाचायला चौकटीमागे तीन पिक्सेल कसेबसे पुरतात. पाचच्या वर असले की निवांत. अख्खं कार्टन दिसावं म्हणून कॅमेरा उंच नेऊन ठेवतात तेव्हा हेच पिक्सेल कमी होतात.

आता हालचाल. पट्टा सेकंदाला ५०० मिमी चालतो. एक्स्पोजर एक मिलिसेकंद ठेवलं तर तेवढ्यात कार्टन अर्धा मिमी सरकतं, म्हणजे दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या. १०० मायक्रोसेकंदाला सरकणं ०.०५ मिमी, साधारण दीड पिक्सेल; कोडला चालेल. बारीक अक्षरं ताडायची असतील तर ६० च्या आसपास या, एक पिक्सेलच्या आत बसाल. एक्स्पोजर कमी केलं की चित्र अंधारतं. तेव्हा कॅमेऱ्याचा गेन (चित्र कृत्रिमपणे उजळ करणारं सेटिंग) वाढवू नका, चित्रात रव्यासारखे ठिपके येतात. दिव्याची ताकद वाढवा किंवा तो कॅमेऱ्याबरोबर लखलखणारा, स्ट्रोब पद्धतीचा घ्या.

सावधान: लाइन हळू चालवून सेटिंग पक्कं करू नका. हळू वेगात नीट दिसणारा कोड पूर्ण वेगात धूसर होतो. शेवटचं सेटिंग पूर्ण वेगातच.

## ५. नियम भरणं: ‘वाचला’ म्हणजे ‘बरोबर’ नव्हे

क्यूआर आणि डेटा मॅट्रिक्समध्ये बिघडलेल्या चौकटी भरून काढायची सोय असते. त्यामुळे इंकजेटचं एक नोझल बंद पडून कोडमधून आडवी पांढरी रेघ गेली तरी कॅमेरा तो बिनतक्रार वाचतो. त्याच हेडने छापलेल्या शेजारच्या मजकुराला अशी कुठलीही सोय नाही. इंग्रजी ‘ई’ची खालची रेघ गेली की ‘एफ’ उरतो, ७ च्या इंग्रजी आकड्याची वरची रेघ गेली की तो १ दिसतो. म्हणून कोड वाचला यावर विसंबून मजकुराची तपासणी ढिली करू नका.

मजकुरासाठी दोन पद्धती असतात. ओसीआर म्हणजे दिसेल ते वाचणं. ओसीव्ही म्हणजे अपेक्षित अक्षर नीट छापलं आहे का ते पडताळणं. बॅच नंबर आणि तारखांना ओसीव्ही घ्या. शून्य आणि ‘ओ’, ८ आणि ‘बी’, ५ आणि ‘एस’ या जोड्या ओसीआर हमखास गोंधळवतो. बॅच नंबरात ‘ओ’ आणि ‘आय’ ही अक्षरं वापरायचीच नाहीत असं ठरवलेलं सगळ्यात उत्तम.

जीएस१ या आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीच्या डेटा मॅट्रिक्समध्ये आणखी एक खाच आहे. त्यात प्रत्येक माहितीआधी ती कुठली ते सांगणारा आकडा असतो, खाली तो कंसात दिला आहे. (०१) उत्पादन कोड १४ अंकी आणि (१७) मुदत ६ अंकी, लांबी ठरलेली. (१०) बॅच आणि (२१) सीरियल यांची लांबी बदलती, २० अक्षरांपर्यंत. बदलत्या लांबीच्या माहितीनंतर काही येणार असेल तर मध्ये विभाजक चिन्ह हवं. ते राहिलं की बॅच आणि सीरियल एकमेकांना चिकटतात आणि परदेशातला स्कॅनर दोन्ही मिळून एक भलामोठा बॅच नंबर वाचतो. तुमचा कॅमेरा हे पकडत नाही, कारण प्रिंटरला आणि त्याला एकाच टेम्प्लेटमधून माहिती मिळते. चूक दोघांकडे सारखीच.

तपासा: बॅचचं पहिलं कार्टन लाइनशी संबंध नसलेल्या स्कॅनरने वाचा. मजकुराआधी ओळख-चिन्ह दाखवायची त्याची सेटिंग चालू ठेवा. ‘]डी२’ आलं तर जीएस१ डेटा मॅट्रिक्स, ‘]डी१’ आलं तर साधा, म्हणजे सुरुवातीचं जीएस१ चिन्ह कोडमध्ये नाही. मुदतही इथेच ताडा. छापील मजकुरात ०८/२०२७ असेल आणि कोडमध्ये २७०८३१ असेल तर दोन्ही जुळतात हे रेसिपीत लेखी असू द्या.

दर्जाबद्दल थोडक्यात. ग्रेड ४ पासून ० पर्यंत जाते, आणि सगळ्यात कमी गुण मिळवणारा घटक कोडची ग्रेड ठरवतो. युरोपचा नियम आयएसओ/आयईसी १५४१५ प्रमाणे किमान १.५ पुरेशी मानतो. लाइनवरचा कॅमेरा जी ग्रेड दाखवतो ती कल खाली जातोय का हे बघायला ठीक, दाखल्याला नाही. दाखल्यासाठी ठरावीक वेळाने एक कार्टन व्हेरिफायरवर, म्हणजे ग्रेड मोजायच्या वेगळ्या यंत्रावर, तपासा.

## ६. रिजेक्ट: बाहेर पडलं, हे कोणी बघितलं?

कॅमेऱ्यापासून पुशर ४०० मिमीवर आहे. पूर्ण वेगात हे अंतर ०.८ सेकंदांचं. म्हणून टायमर ०.८ वर ठेवला. आता लाइन निम्म्या वेगाने चालली तर तेवढ्या वेळात खराब कार्टन २०० मिमीच सरकेल. पुशर त्याच्या दोन नंबर पुढचं चांगलं कार्टन ढकलेल आणि खराब माल शिपरमध्ये (बाहेर पाठवायच्या मोठ्या खोक्यात) जाईल. स्क्रीनवर मात्र रिजेक्ट एक, हिशेब चोख. म्हणून कार्टनचा माग वेळेवर नको, पट्ट्याला जोडलेल्या, तो किती सरकला ते मोजणाऱ्या एन्कोडरवर हवा.

याशिवाय पुढच्या गोष्टींवर तडजोड नको. कॅमेऱ्याकडून ‘चांगलं’ असा स्पष्ट सिग्नल आला नाही तर कार्टन बाहेर. केबल निघाली किंवा कॅमेरा अडकला तर माल पुढे जाता कामा नये. रिजेक्ट बिनच्या तोंडाशी सेन्सर हवा. ठरलं तेव्हा कार्टन तिथे पडलं नाही तर लाइन थांबावी. बिन भरला, हवेचा दाब उतरला किंवा लागोपाठ तीन रिजेक्ट झाले तरी लाइन थांबावी. बिनला कुलूप, किल्ली ऑपरेटरकडे नाही.

सावधान: कॅमेरा आणि पुशर यांच्यामध्ये खराब कार्टन असताना लाइन बंद करा, पुन्हा चालू करा. एकदा वीज तोडूनही बघा. माग इथेच तुटतो.

## ७. चॅलेंज टेस्ट

बहुतेक ठिकाणी चॅलेंज म्हणजे एक कोरं कार्टन आणि एक मार्करने खोडलेलं. ते तर आंधळाही पकडेल. संच असा हवा:

- कोडच नाही
- कोड बरोबर, पण मजकुरात बॅच नंबरचं एक अक्षर वेगळं
- मजकूर बरोबर, पण कोडमधली बॅच आधीची
- मुदतीचं वर्ष एकाने पुढे
- एमआरपी जुनी
- नोझल बंद पडल्याची आडवी रेघ, कोडमधून आणि मजकुरातून
- फिकट छपाई, शाई पसरलेली
- छपाई सरकून मोकळ्या जागेत घुसलेली
- युरोपच्या मालासाठी आधी वापरलेला सीरियल नंबर

दुसरा आणि तिसरा नमुना सगळ्यात मोलाचे. संच प्रिंटरवर छापून करा. हाताने खरडलेला दोष खऱ्या दोषासारखा दिसत नाही. प्रत्येक नमुन्यावर मोठा ठसा आणि क्रमांक, पण कॅमेऱ्याच्या नजरेबाहेरच्या बाजूला, नाहीतर कॅमेरा ठशालाच नापास करेल.

पूर्ण वेगात, चांगल्या कार्टनच्या मध्ये सोडा. एकेक, मग दोन लागोपाठ, मग चांगलं-वाईट आळीपाळीने. निकाल पाहताना स्क्रीनवरचं ‘फेल’ पुरेसं नाही. कार्टन बिनमध्ये, क्रमांकासकट, हातात मिळालं पाहिजे.

कधी करायची? बॅचच्या सुरुवातीला, पाळी बदलताना, जेवणाच्या सुट्टीनंतर, दिवा-लेन्स-रेसिपी यांना हात लागल्यावर आणि शेवटी. एखादा नमुना निसटला तर शेवटच्या यशस्वी चॅलेंजपासूनचा सगळा माल होल्ड. दोन तासांचं अंतर असेल तर ३६,००० कार्टन. किती वेळाने चॅलेंज घ्यायची ते या आकड्यावरून ठरवा.

## ८. बॅच चालू असताना

लाइन काही मिनिटं थांबली की नोझलवरची शाई सुकते आणि पुन्हा सुरू केल्यावर पहिली काही कार्टन फिकट निघतात. हे रिजेक्ट खरे असतात. हेड पुसा, टॉलरन्सला (किती फरक चालेल त्या मर्यादेला) हात लावू नका. रिजेक्ट वाढले की टॉलरन्स सैल करणं हा सगळ्यात जुना रोग आहे. पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा असावा, आणि कोणी, कधी, काय बदललं याची नोंद सिस्टिमने आपोआप ठेवावी.

ग्रेड उतरली तर कुठला घटक उतरला ते बघा, कारण सापडतं. कोड एका दिशेने ताणला किंवा दबला असेल तर एन्कोडरचं चाक घसरतंय. चौकटी फुगल्या असतील तर शाई जास्त किंवा बोर्ड ती शोषतोय. डेटा मॅट्रिक्सची ‘एल’ आकाराची कड तुटक असेल तर नोझल. चौकटींची जाळी वेडीवाकडी असेल तर कार्टन प्रिंटरखाली थरथरतंय, गाइड घट्ट करा. काळा-पांढरा फरकच कमी असेल तर व्हार्निश किंवा शाईचं कार्ट्रिज.

बिनमधलं कार्टन ‘दिसायला तर चांगलं आहे’ म्हणून हाताने पट्ट्यावर परत ठेवू नका. सीरियल असलेल्या मालात त्या कार्टनचा नंबर सिस्टिममध्ये रद्द झालेला असतो. असं पाकीट बाजारात गेलं तर युरोपातल्या फार्मसीच्या काउंटरवर अलार्म वाजतो.

## ९. बंद करताना

छापलेली कार्टन बरोबर चांगली अधिक रिजेक्ट अधिक नमुने अधिक फाटलेली, हा मेळ प्रिंटर, कॅमेरा आणि हाताने मोजलेला बिन या तिघांच्या आकड्यांवर घाला. कॅमेऱ्याचे रिजेक्ट ४१ आणि बिनमध्ये ४० असतील तर ‘एखादं इकडे-तिकडे’ म्हणून सोडू नका. एक खराब कार्टन शिपरमध्ये आहे असं धरून शोध सुरू करा. शेवटी चॅलेंज संच क्रमांकाप्रमाणे मोजा, कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि मगच लाइन क्लिअरन्सच्या (लाइनवर या बॅचचं काही उरलं नाही याच्या) कागदावर सही करा.